दोन वायरी, त्यातली एक नुसती चिकटवलेली

माझं बाल्साच्या हलक्या लाकडाचं, रिमोटवर उडणारं ट्रेनर (शिकाऊंसाठीचं) मॉडेल विमान पडलं, त्या दिवशी मी सगळ्यांना सांगितलं की चूक माझीच. लांब गेलं, वळवायला उशीर झाला, तोंड कुठे आहे तेच कळेना. पुढचे तीन आठवडे मी स्वतःलाच दोष देत होतो. खरं कारण वेगळं होतं. मला बनावट रिसीव्हर, म्हणजे विमानात बसणारा आणि रिमोटचा सिग्नल पकडणारा भाग, विकला गेला होता, आणि असा माल नेहमीच्या तपासणीतून कसा सुटतो ते तुम्हाला कळावं म्हणून हे लिहितो आहे.

एका विक्रेत्याकडून ऑनलाइन एकदम दोन रिसीव्हर मागवले होते. ‘ओरिजिनल, फुल रेंज, दोन किलोमीटर’ अशी जाहिरात. खोका, लेबल, चकचकीत स्टिकर, सगळं जिथल्या तिथे. ट्रान्समीटरशी, म्हणजे हातातल्या रिमोटशी, पहिल्याच झटक्यात बाइंड झाला आणि मी निश्चिंत झालो. पण बाइंड होणं म्हणजे दोघांना एकमेकांची भाषा समजणं, तेही हातभर अंतरावरून. लांबून किती ऐकू येतं, हे त्यातून काहीच कळत नाही.

रेंज चेकही केला होता, हे आवर्जून सांगतो. ट्रान्समीटर कमी पॉवरच्या मोडवर टाकला, विमान जमिनीवर ठेवलं, तीस पावलं चालत गेलो. सर्व्हो, म्हणजे विमानाचे वळवणारे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी, व्यवस्थित हलत होते. पहिली चार उड्डाणंही सुरळीत झाली, कारण विमान जवळच होतं. पाचव्या वेळी मैदानाच्या टोकाला डावीकडे वळताना ते एकदम ऐकेनासं झालं. थ्रॉटल (मोटरचा वेग ठरवणारी दांडी) खाली ओढला तरी मोटरचा आवाज तसाच. अर्ध्या थ्रॉटलवर, कललेल्या अवस्थेत ते गोल फिरत खाली येत गेलं आणि नाकावर आपटलं. चार महिन्यांचं काम होतं ते.

शंका आली ती त्या आवाजामुळे. सिग्नल तुटला की फेलसेफने मोटर बंद करायला हवी, आणि मी तसं सेट केलं होतं. मग ती फिरत का राहिली? दुसरा, न वापरलेला रिसीव्हर काढला, त्याच ट्रान्समीटरला जोडला, फेलसेफ सेट केला, प्रोपेलर काढून ठेवला, थ्रॉटल अर्ध्यावर नेला आणि ट्रान्समीटर बंद केला. मोटर फिरतच राहिली. शेवटची आज्ञा तो तशीच धरून बसत होता.

मग केस उघडली. बाहेर अँटेनाच्या दोन वायरी दिसतात. आत एकच बोर्डाला सोल्डर केलेली होती. दुसरीचं टोक गोंदाच्या थेंबात रुतवलेलं, कशालाच न जोडलेलं. पडलेल्या विमानातला उघडला, तोही तसाच.

ही दुसरी वायर शोभेची नसते. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, म्हणून अँटेनाचं उघडं टोक तिच्या पाव लांबीचं, सुमारे ३१ मिलिमीटर असतं. ते टोक सरळ तुमच्याकडे रोखलं गेलं की त्याला फार कमी ऐकू येतं. म्हणून दोन्ही वायरी एकमेकींशी काटकोनात बसवतात. एक बहिरी झाली तर दुसरी ऐकते. सिग्नल शंभरपटीने घटला तर पल्ला दहापटीने घटतो. माझ्या विमानात ऐकणारी वायर एकच होती, आणि त्या वळणावर तिचं टोक बहुधा माझ्याकडे झालं असावं.

जमिनीवरच्या तपासणीत मात्र तीच वायर माझ्या नजरेला आडवी होती, म्हणून सगळं चांगलं दिसलं. नंतर मित्राच्या हातात विमानाचा सांगाडा दिला आणि त्याला तो हळूहळू सगळ्या बाजूंनी फिरवायला सांगितलं. एका बाजूला तीस पावलं, दुसऱ्या बाजूला अकराव्या पावलालाच सर्व्हो गप्प. मित्राचा जुना अस्सल रिसीव्हर लावला, तर तीस पावलांवर कुठल्याही बाजूने फरक नाही.

तेव्हा मोटर चालू ठेवून, विमान कुणाला तरी धरून फिरवायला लावूनच रेंज चेक करा. फेलसेफ प्रत्येक नव्या रिसीव्हरवर प्रत्यक्ष बघा, प्रोपेलर आधी काढूनच. जाहिरातीतल्या किलोमीटरच्या आकड्यावर तर मुळीच जाऊ नका. तो कुठल्या मैदानात, कुठल्या उंचीवर, कुणी मोजला ते कुणीच सांगत नाही. कार्बन फायबरच्या फ्युजलाजमध्ये (विमानाच्या धडात) वायरी आत राहिल्या तर अस्सल रिसीव्हरसुद्धा दगा देतो.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर, ‘अँटेना तुम्ही चुकीची बसवली.’ मग, ‘अपघातात वायर तुटली असेल.’ या दुसऱ्या उत्तरावरच त्याचा धंदा उभा आहे. विमान पडल्यावर पुरावा चिरडला जातो आणि उडवणारा स्वतःलाच बोल लावतो, मी लावला तसाच. मी न वापरलेल्या रिसीव्हरचा उघडलेला फोटो पाठवला. त्यानंतर उत्तर नाही. चार दिवसांनी जाहिरातही गायब.

दोन्ही रिसीव्हरच्या वायरी मी मुळापासून कापल्या आहेत, कुणाच्या विमानात चुकूनही जाऊ नयेत म्हणून. आमच्या मैदानावरच्या एका मुलाने त्याच विक्रेत्याकडून त्याच्या ग्लायडरसाठी असाच एक घेतला होता. उद्या सकाळी तो उघडून बघणार आहोत. तोवर ग्लायडर उडवू नकोस, असं त्याला सांगून ठेवलं आहे.