छोट्या होडीसाठी स्वस्तातला फिश फाइंडर: चार पर्यायांची तुलना

कोकण किनाऱ्यावर बावीस-पंचवीस फुटांची फायबरची होडी, पिछाडीला दहा अश्वशक्तीच्या आसपासचे आउटबोर्ड इंजिन, दोन-तीन माणसे, थोडी जाळी आणि गळाच्या दोऱ्या एवढ्यावर ज्यांचा धंदा चालतो, त्यांना डोळ्यांसमोर ठेवून हा आढावा लिहिला आहे. अशी होडी बहुतेक दिवस पाच ते वीस वाव पाण्यात, म्हणजे साधारण ९ ते ३७ मीटर खोलीत, काम करते. खोक्यावर छापलेली शेकडो मीटरची क्षमता वाचण्याआधी हे आकडे लक्षात घेतले, तर निम्मी निवड तिथेच सोपी होते.

यंत्राचे नाव फिश फाइंडर असले, तरी ते मासा शोधून देते ही समजूत आधी बाजूला ठेवावी लागते. होडीखाली बसवलेला ट्रान्सड्यूसर पाण्यात ध्वनीचा ठोका सोडतो, तो तळाला किंवा मधल्या एखाद्या वस्तूला आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळेवरून यंत्र अंतर काढते. समुद्राच्या पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, त्यामुळे पंधरा वाव पाण्यातली त्याची ये-जा सेकंदाच्या पंचविसाव्या भागाच्या आत उरकते. माशाकडून येणारा प्रतिध्वनी मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा असतो. घोळीची जी भोत, म्हणजे हीच पिशवी, व्यापारी मांसापेक्षा कितीतरी चढ्या भावाने उचलतात, तीच पडद्यावर ठसठशीत उमटते. बोंबील, कोळंबी आणि माकूल यांना अशी पिशवीच नसते, त्यामुळे त्यांचा दाट थर असला तरच काही पुसटसे दिसते. ज्याचे पोट मुख्यतः बोंबील-कोळंबीवर आहे, त्याने या यंत्रावर पैसे घालण्याआधी दोनदा विचार करावा.

तळ मात्र हे यंत्र खात्रीने दाखवते, आणि त्याचा पोतही सांगते. चिखलाचा तळ बारीक, फिकट रेघेसारखा येतो. खडकाळ तळाची पट्टी जाड आणि गडद येते, आणि कित्येकदा तिच्याखाली दुप्पट खोलीवर तिचीच दुसरी सावली उमटते. तांबोशी आणि हेकरू यांसारखे मासे खडपाच्या, म्हणजे तळावरच्या खडकाळ भागाच्या, कडेला राहतात, त्यामुळे गळाच्या मासेमारीत खडप कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे कळणे म्हणजेच मासा कळणे. जाळी टाकणाऱ्याला हीच माहिती उलट्या कारणासाठी हवी असते, कारण खडपावर गेलेले जाळे धड परत येत नाही. हे ध्यानात घेतले, की लहान होडीसाठी यंत्राने दोनच कामे नीट करावी लागतात: तळ दाखवणे आणि सापडलेली जागा लक्षात ठेवणे. माझ्या मते यातले दुसरे काम अधिक मोलाचे आहे, आणि पुढची सगळी तुलना याच कसोटीवर केली आहे.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे हातात मावणारी, चार बारीक सेलवर चालणारी यंत्रे, ज्यांचा सेन्सर वायरीच्या टोकाला बांधून पाण्यात सोडायचा असतो. लकी या नावाची अशी यंत्रे ऑनलाइन सर्रास मिळतात. खोली कळते, तळाचा ढोबळ अंदाज येतो, आणि तलावात किंवा खाडीत बसून गळ टाकणाऱ्याला तेवढे पुरतेही. परंतु त्यांत जीपीएस नसते, पडदा लहान आणि रांगडा असतो, आणि होडी वेगात असताना तरंगता सेन्सर पाण्यावर उड्या मारू लागतो. रोज समुद्रात जाणाऱ्याला यातून जे मिळते ते शिसे बांधलेल्या दोरीतूनही मिळते. फरक एवढाच, की दोरी दर वेळी सोडावी आणि ओढावी लागते.

दुसरा पर्याय दिसायला सर्वांत आकर्षक आहे. डीपर कंपनीचा चेंडूएवढा, सुमारे शंभर ग्रॅम वजनाचा सोनार (ध्वनीने अंतर काढणारे यंत्र) गळासारखा फेकायचा आणि तो वायफायवरून चित्र मोबाइलवर पाठवतो. मोकळ्यावर त्याचा पल्ला शंभर मीटरच्या आसपास असतो, ८० मीटरपर्यंतची खोली तो मोजतो, आणि त्याच्या प्रो प्लस प्रकारात जीपीएसही आहे. काठावरून किंवा खडकावर उभे राहून गळ टाकणाऱ्या हौशी माणसासाठी हे यंत्र उत्तम आहे. होडीवर मात्र त्याची पंचाईत होते. ते हळू ओढण्यासाठीच बनवले आहे, बॅटरी एका फेरीपुरती टिकते, आणि सगळा भार मोबाइलवर येतो. ज्याने दुपारच्या उन्हात, खाऱ्या पाण्याने ओल्या झालेल्या बोटांनी मोबाइलचा पडदा सरकवून पाहिला आहे त्याला यापुढचे सांगावे लागणार नाही.

तिसरा गट आपल्या कामाचा आहे, म्हणून त्याच्यावर अधिक थांबतो. होडीवर कायम बसवायची, बारा व्होल्टवर चालणारी, साडेतीन ते पाच इंची पडद्याची ही यंत्रे आहेत आणि यांत तीन नावे सहसा समोर येतात. हमिनबर्डचे पिराना मॅक्स ४ हे ४.३ इंची रंगीत पडद्याचे यंत्र ध्वनीच्या २०० आणि ४५५ किलोहर्ट्झ या पट्ट्यांवर (वारंवारतांवर) चालते. चित्र स्वच्छ येते, बटणे थोडी आहेत, पण जीपीएस नाही. गार्मिनच्या स्ट्रायकर ४ चा पडदा ३.५ इंचच आहे, आणि शेजारी ठेवून पाहिले तर तो गरीब वाटतो. तरीही त्यात ७७ आणि २०० किलोहर्ट्झच्या दोन्ही पट्ट्यांवर चालणारा चर्प सोनार (एकाच ठोक्यात लगतच्या अनेक वारंवारता सोडणारा) आणि जीपीएस आहे, आणि खाऱ्या पाण्यात साडेसातशे फुटांपर्यंतची खोली तो मोजतो असे कंपनी सांगते. त्याचीच नवी आवृत्ती स्ट्रायकर व्हिव्हिड ४सीव्ही हिचा पडदा ४.३ इंची आहे, आणि होडी फिरेल तसा तळाच्या उठावाचा नकाशा स्वतःच काढत जाण्याची सोय तिच्यात आहे. लोरान्सचे हुक रिव्हील ५ हे पाच इंची, याहून प्रशस्त यंत्र आहे आणि त्यातही जीपीएस आहे. ते घेताना नावापुढचे अक्षर पाहावे, कारण ५एक्स या प्रकारात जागेची खूण ठेवता येते, पण नकाशा भरता येत नाही.

पिराना आणि स्ट्रायकर यांत निवड करणारा ग्राहक दुकानात हमखास पडद्याकडे पाहून पिराना उचलतो. तीच चूक होते, असे मला वाटते. डोंगराची सोंड आणि देवळाचा कळस एका रेषेत धरून खडप शोधण्याची पद्धत आजही चालते आणि चांगली चालते. धुके पडले, रात्र झाली किंवा किनारा दिसेनासा झाला, की ती थांबते. अशा वेळी बटण दाबून साठवलेली खूण तुम्हाला काही मीटरांच्या फरकाने त्याच जागेवर आणून सोडते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि हरितद्रव्य यांच्या उपग्रहाने टिपलेल्या नोंदींवरून संभाव्य मासेमारी क्षेत्रांची जी माहिती मराठीतही विनामूल्य देते, तिच्यात अक्षांश-रेखांश असतात. ते आकडे भरायला यंत्रात जागाच नसेल, तर ती माहिती कागदावरच राहते. मोबाइलमध्ये जीपीएस आहेच, असे कोणी म्हणेल. ते खरे असले, तरी पडद्यावर खडपाची कड दिसल्या क्षणी त्याच यंत्रावर खूण मारणे वेगळे, आणि खिशातून पिशवीत गुंडाळलेला मोबाइल काढेपर्यंत होडी वीस मीटर पुढे सरकणे वेगळे.

खूण मिळाल्यावरही थोडे गणित उरते, आणि ते यंत्र करत नाही. वीस मीटर पाण्यात साठ मीटर दोर सोडून नांगर टाकला, तर होडी नांगरापासून पंचावन्न मीटरच्या आसपास प्रवाहाच्या दिशेने जाऊन स्थिरावते. म्हणून नांगर खुणेवर टाकायचा नसतो, तर खुणेच्या तेवढाच वर, ज्या बाजूने पाणी येत आहे त्या बाजूला टाकायचा असतो. उधाणाच्या दिवसांत पाण्याला जोर असतो तेव्हा हा अंदाज चुकला, तर खडप बाजूला राहते आणि गळ चिखलात उतरतात.

चौथा पर्याय फुरुनोच्या एफसीव्ही-६२८ सारख्या व्यावसायिक यंत्राचा. त्याचा पडदा ५.७ इंची, ताकद ६०० वॅट आणि पट्ट्या ५० व २०० किलोहर्ट्झच्या आहेत. तळ कसला आहे हे ते वेगळे करून सांगते आणि माशाच्या आकाराचा अंदाजही देते. ट्रान्सड्यूसरसकट त्याची किंमत तिसऱ्या गटातल्या यंत्राच्या कित्येक पट होते. शिवाय त्यात स्वतःचे जीपीएस नाही, ते बाहेरून जोडावे लागते. खोल पाण्यात जाणाऱ्या, केबिन असलेल्या मोठ्या नौकेसाठी हे पैसे वसूल होतात. वीस वावांत काम करणाऱ्या उघड्या होडीला ५० किलोहर्ट्झची खोल जाणारी ताकद लागतच नाही.

पट्ट्यांचा हा हिशेब थोडा उलगडून सांगतो, कारण विक्रेते येथेच गोंधळ करतात. ट्रान्सड्यूसरमधून ध्वनी शंकूच्या आकारात खाली जातो. २०० किलोहर्ट्झचा शंकू अरुंद असतो. तो २० अंशांचा धरला, तर वीस मीटर खोलीवर तळाचा सुमारे सात मीटर रुंदीचा गोल त्यात येतो. ७७ किलोहर्ट्झचा शंकू ४५ अंशांचा धरला, तर तोच गोल सोळा-सतरा मीटरचा होतो. रुंद शंकूत जास्त पाणी येते, पण बारकावा जातो आणि खडपाची कड पुसट होते. मी उथळ पाण्यात २०० वरच ठेवतो आणि नवी जागा शोधताना तेवढा वेळ ७७ लावतो. एक गोष्ट दोन्हीकडे लागू आहे: पडद्यावरची उजवी कड म्हणजे आत्ताचे पाणी, आणि डावीकडे जे दिसते ते मागे पडलेले. डावीकडे दिसणाऱ्या माशावर गळ सोडणारे लोक मी पाहिले आहेत, आणि सुरुवातीला मीही त्यांतलाच होतो.

पडद्यावर माशाचे छोटे चित्र काढणारी सोय पहिल्याच दिवशी बंद करावी. बुडबुडे, तरंगता पाला किंवा प्लॅस्टिकची पिशवी यांनाही ती मासाच समजते. ती बंद केली, की चालत्या होडीतून मासा कमानीसारखा दिसतो, कारण शंकूच्या कडेला असताना तो लांब असतो, मध्ये येताना जवळ येतो आणि पुन्हा दूर जातो. होडी नांगरलेली असेल, तर तोच मासा लांब आडव्या रेघेसारखा येतो. आठवडाभरात डोळा बसतो.

यंत्र कोणते घेतले यापेक्षा ते कसे बसवले यावर चित्र अधिक अवलंबून असते. ट्रान्सड्यूसर पंख्याच्या मागे किंवा अगदी शेजारी आला, तर बुडबुड्यांमुळे चालत्या होडीत पडदा कोरा होतो. फायबर भरीव असेल, तर तो होडीच्या आतून तळाला चिकटवूनही काम करतो. मात्र मध्ये फोम किंवा लाकडाचा थर असेल, तर ध्वनी बाहेर पडत नाही. आमची होडी रोज वाळूवर ओढावी लागते, म्हणून मी तो पाइपाच्या दांडीला बांधून बाजूला खाली सोडण्याची सोय केली. पहिल्याच आठवड्यात किनाऱ्याला लागताना दांडी वर घ्यायची राहिली, आणि वाळूत रुतून ट्रान्सड्यूसर धरणारी पट्टी कटकन मोडली. तेव्हापासून दांडीचा वरचा दोर इंजिनच्या हँडलला गुंडाळलेला असतो, म्हणजे इंजिन वर उचलायला गेले की हात आधी दोरावर पडतो.

विजेसाठी यूपीएसमध्ये असते तसली सात अँपिअर-अवरची बंद बॅटरी पुरते. स्ट्रायकर ४ साधारण पाव अँपिअर वीज घेते, त्यामुळे बॅटरी अर्धीच वापरायची असे ठरवले तरी बारा तास आरामात निघतात. पुस्तिकेत सांगितलेला फ्यूज धनाच्या तारेवर घालावाच, आणि यंत्र इंजिनच्या चार्जिंगला थेट जोडू नये. आयपीएक्स-७ हा शिक्का म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची हमी. जोडणीच्या पितळी पिनांवर साचणाऱ्या मिठाशी त्याचा काही संबंध नाही. घरी आल्यावर गोड्या पाण्याने पुसणे आणि पावसाळी बंदीच्या काळात यंत्र काढून कोरड्या जागी ठेवणे एवढे केले, तरी ते बरीच वर्षे टिकते.

सगळे पैसे पडद्यावर घालायचे नसतील, तर माझी निवड स्ट्रायकर ४ किंवा तिची व्हिव्हिड आवृत्ती आणि उरलेल्या पैशात चांगली बॅटरी, फ्यूज व मजबूत दांडी अशी राहील. ज्याच्या डोळ्यांना साडेतीन इंच पुरत नाहीत आणि हात थोडा सैल सोडता येतो, त्याने हुक रिव्हील घ्यावे. पिराना कोणी भेट दिला, तर वापरावा. खाडीत अधूनमधून जाणाऱ्या हौशी माणसाला हातात मावणारे लकीसारखे यंत्रही पुरेल. घेण्यापूर्वी ओळखीच्या कोणाचे त्याच प्रकारचे यंत्र एक दिवस मागून घ्यावे, माहितीच्या खडपावर खूण साठवावी, अर्धा मैल लांब जावे, किनाऱ्याकडे पाठ करावी आणि फक्त पडद्याच्या आधाराने परत त्याच कडेवर येता येते का ते पाहावे.