एआय मदतनीस, आठ महिन्यांनंतर: एका भाषांतरकर्तीचा अनुभव

यंत्रांसोबत येणाऱ्या माहितीपुस्तिकांचं मी इंग्रजीतून मराठी करते. पंप, कॉम्प्रेसर, असलंच सगळं. आठ महिन्यांपूर्वी एका एआय चॅट मदतनिसाचं पैसे भरून सदस्यत्व घेतलं आणि तेव्हापासून तो रोज वापरते. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर पाचपैकी पाच तारे दिले असते. आज साडेतीन देते, आणि कापलेला दीड तारा सगळाच त्याच्या चुकांपायी नाही.

काम झपाट्याने होतं, यात वाद नाही. चार दिवस खाणारा कच्चा खर्डा आता एका दिवसात समोर येतो. एकच वाक्य सहा तऱ्हांनी मागितलं तरी कुरकुर नाही. इंजिनियरने लिहिलेलं गुंतागुंतीचं इंग्रजी वाक्य देऊन ‘हे नक्की काय म्हणतंय?’ असं विचारलं की छान फोड करून सांगतो. यात त्याला भाषांतरापेक्षा जास्त गुण.

मराठी मात्र पाहुण्यासारखं बोलतो. ‘फिंगर-टाइट’चं त्याने ‘बोट-घट्ट’ केलं. ‘हाताने आवळा, पाना लावू नका’ हे त्याला सुचलं नाही. मी बाई आहे हे दहादा सांगूनही माझ्या नावाने लिहिलेल्या पत्रात ‘मी कळवतो’, ‘मी पाठवणार होतो’ चालूच. इंग्रजीत हे लपून जातं, मराठीत क्रियापदच चुगली करतं.

एकदा एका शब्दाला आधार मागितला, तर कोशाचं नाव आणि पान क्रमांक देऊन मोकळा. तो कोशच अस्तित्वात नव्हता. २०२३ साली न्यूयॉर्कमधल्या वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे कोर्टात सादर केले आणि पाच हजार डॉलरचा दंड ओढवून घेतला, तेव्हा मी त्यांना हसले होते. पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत हे यंत्र लिहितं. खरं आणि शोभणारं यातला फरक आपणच पाहायचा.

आता कामाबद्दल. एजन्सी ‘भाषांतर करून द्या’ म्हणायची, आता ‘मशीनचं तपासून द्या’ म्हणते. दर कमी, जबाबदारी तीच. वाईट भाषांतर तपासणं त्यामानाने सोपं असतं, कारण चूक डोळ्यांत खुपते. हे इतकं गुळगुळीत असतं की नजर घसरत जाते आणि ‘बंद करा’चं ‘चालू करा’ झालेलं तिसऱ्या वाचनात दिसतं. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नवशिक्यांना दिली जाणारी सोपी पानं आता कुणाकडेच जात नाहीत. तीन-चार पानांच्या त्या पत्रकांवर चुका करत मी शिकले. तपासणारी माणसं पुढे कुठून आणणार, हे एजन्सीला विचारलं होतं. उत्तर आलं नाही. (बहुधा मशीनकडून लिहून घ्यायचं राहिलं असेल.)

एका रात्री दीड वाजता कामाबरोबर घरची एक काळजीही त्याला सांगून बसले. बरं वाटलं, हे कबूल करते. १९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे संगणकतज्ज्ञ जोसेफ वायझेनबाउम यांनी ‘एलायझा’ नावाचा साधासा प्रोग्राम जगापुढे आणला. तो समोरच्याचीच वाक्यं फिरवून प्रश्न विचारायचा. हे ठाऊक असूनही त्यांच्या सेक्रेटरीने त्याच्याशी बोलताना खुद्द वायझेनबाउमना खोलीबाहेर जायला सांगितलं. तेव्हा मी काही पहिली नाही. पण दुसऱ्या दिवशी तीच गोष्ट मी उलट्या बाजूने मांडून पाहिली, आणि तेव्हाही माझंच बरोबर निघालं.

मग आमच्या बाईंचा फोन आला. या कामात मला त्यांनी आणलं. आता त्या निवृत्त आहेत. शब्द अडला की मी त्यांना फोन करायचे, आठवड्यातून दोन-तीनदा. शब्दाचं काम दोन मिनिटांचं, उरलेला अर्धा तास त्यांचे गुडघे आणि माझ्या मुलाच्या परीक्षा.

“तुला हल्ली शब्द अडत नाहीत का गं?”

चार महिने मी फोनच केला नव्हता. “अडतात बाई, पण मशीनला विचारते.”

“बरं. मग ‘ड्रेन प्लग’ला काय म्हणालं ते?”

“निचरा प्लग.”

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही, मग खो-खो हसू. “अगं, बूच! बूच म्हण की सरळ!”

त्या पुस्तिकेत तो शब्द अकरा ठिकाणी होता, आणि पुस्तिका छापून गेली होती.

सदस्यत्व पुढेही चालू ठेवलंय, त्याशिवाय या दरात काम परवडणार नाही. अडलेले शब्द मात्र वहीत वेगळे काढते, शुक्रवारच्या फोनसाठी. या आठवड्यात तीन साठलेत. त्यातल्या एकाचं उत्तर मला माहीत आहे, तरी विचारणार आहे.