गॅग की पेलहॅम? पोलोच्या घोड्यासाठी बिट निवडताना

पोलोसाठी पहिला घोडा घेणारा हमखास विचारतो, "त्यातल्या त्यात कडक बिट कोणतं?" बिट म्हणजे घोड्याच्या तोंडात बसणारी, लगामाला जोडलेली दांडी; गॅग आणि पेलहॅम हे त्याचे दोन प्रकार. प्रश्न समजण्यासारखा आहे. उजव्या हातात स्टिक, त्यामुळे सगळा लगाम डाव्या हातात. भरधाव घोडा त्या एका हाताने थांबवायचा, वळवायचा आणि पुन्हा सोडायचा, तोही एकाच चक्करमध्ये, म्हणजे सामन्याच्या एका डावात, कितीतरी वेळा. पण बिटाचं नाव ऐकून त्याचा कडकपणा ठरवता येत नाही. दाब कुठे पडतो, किती जागेवर पडतो आणि हात सैल केल्यावर किती चटकन सुटतो, हे पाहावं लागतं. माझ्या मते यातलं तिसरं सर्वांत महत्त्वाचं, आणि नेमकं तेच कुणी विचारत नाही.

घोड्याच्या पुढच्या दातांमागे आणि दाढांच्या पुढे हिरडीचा मोकळा पट्टा असतो. बिट तिथे आणि जिभेवर टेकतं. त्या पट्ट्यावर कातडी अगदी पातळ, खाली लगेच जबड्याचं हाड. हे एकदा बोटाने चाचपून पाहिलं की "कडक" या शब्दाचा अर्थ वेगळाच वाटू लागतो.

गॅगमध्ये गालपट्टा बिटाच्या कडीतल्या भोकांतून सरकतो. लगाम ओढला की बिट तोंडात वर चढतं, ओठांचे कोपरे वर खेचले जातात आणि त्याच वेळी कानांमागे, माथ्यावर दाब येतो. म्हणजे तोंड वर आणि माथा खाली, अशा दोन उलट सूचना एकदम. मान खाली घालून हातावर भार टाकणाऱ्या घोड्याला याचा उपयोग होतो. अडचण दाब सुटण्याची आहे. पट्टा ताठ किंवा कोरडा असेल तर हात सैल केला तरी तो झटकन परत सरकत नाही, आणि थांबल्याचं बक्षीस घोड्याला उशिरा मिळतं. आधीच डोकं आकाशाकडे फेकणाऱ्या घोड्याला गॅग घातलं तर ती खोड बहुधा वाढते. मग मार्टिंगेल, म्हणजे डोकं वर जाऊ न देणारा पट्टा, आवळलं जातं, आणि घोडा दोहोंच्या कात्रीत सापडतो.

पेलहॅम ही तरफ आहे. तोंडातल्या दांडीच्या वर एक छोटा भाग, खाली लांब दांडा, हनुवटीखाली साखळी. लगाम दोन: वरचा दांडीच्या पातळीला, खालचा दांड्याच्या टोकाला. वरचा भाग 5 सेंमी आणि खालचा 10 सेंमी असेल, तर खालच्या लगामावरची 1 किलोची ओढ तोंडात साधारण 3 किलोची होते, आणि साखळीवर सुमारे 2 किलो ताण येतो. म्हणून खरेदी करताना दांड्याची लांबी मोजाच. साखळी सपाट बसलेली हवी, आणि दांडा साधारण 45 अंश मागे आल्यावरच ती लागावी. वरच्या लगामावर मात्र पेलहॅम बरंच सौम्य चालतं आणि हात सोडला की चटकन मोकळं होतं. त्याचा दोष असा की काही घोडे हनुवटी छातीत घालून त्यातून पळवाट काढतात.

डबल ब्रायडलमध्ये दोन वेगळी बिटं असतात. सर्वांत नेमकं नियंत्रण तिथे मिळतं, पण दोन्ही बिटांचे लगाम एका हातात वेगवेगळे वापरता येणाऱ्यांनाच. नवख्याने सध्या तिकडे वळू नये.

तुमचा हात अजून स्थिर नसेल तर माझं मत स्पष्ट आहे: जाड, सरळ किंवा किंचित वाकलेल्या दांडीचं, आखूड दांड्याचं पेलहॅम घ्या, दोन्ही लगामांसह. गॅग घ्यायचंच असेल तर त्यालाही दोन लगाम लावा. एक थेट कडीला, म्हणजे गॅगची ओढ गरज असेल तेव्हाच वापरता येईल. पिळाच्या तारेची बारीक दांडी दोन्हीतही नको. तेवढीच ओढ कमी जागेवर पडली की कातडी सोलते.

माझी एक घोडी थांबायच्या वेळी डोकं झटकायची. मी तिला एकापेक्षा एक कडक बिटं लावत गेलो. शेवटी दात तपासले, तेव्हा दाढेची टोकदार कड गालाला घासत होती. दाढ घासून घेतल्यावर ती साध्या पेलहॅमवर थांबू लागली. ते महिने मला अजून टोचतात. म्हणून बिट बदलण्याआधी दात, पाठ आणि खोगीर तपासून घ्या, आणि रोजची तालीम साध्या स्नॅफलवर, म्हणजे तरफ नसलेल्या बिटावर, करा.

नोजबँड, म्हणजे नाकाभोवतीचा पट्टा, आवळून तोंड बंद ठेवलं तर दुखणं दिसत नाही, एवढंच. घोडा जबडा उघडत असेल तर कारण शोधा. प्रत्येक चक्करनंतर ओठांचे कोपरे, जीभ, हिरडीचा तो पट्टा आणि साखळीखालची कातडी हाताने पाहा. लाळ गुलाबी दिसली तर त्या दिवशी त्या घोड्यावर पुन्हा बसू नका.