सिक्युरिटी एजन्सीचं बॉम्ब धमकीचं ट्रेनिंग: ट्रेनर भारी, प्लॅन नापास

आमचं गंगापूर रोडला कॉम्प्लेक्स आहे, खाली दुकानं, वर ऑफिसं आणि क्लासेस. हल्ली शाळा-कोर्टांना धमकीचे मेल येतात (दिल्लीत १ मे २०२४ ला एका दिवसात शंभराहून जास्त शाळांना आले, सगळे फुसके निघाले) म्हणून कमिटीने आमच्याच एजन्सीकडून वॉचमन लोकांचं ट्रेनिंग करून घेतलं.

ट्रेनर रिटायर्ड फौजी, माणूस एक नंबर. भाषण वगैरे काही नाही, गुपचूप बाहेर जाऊन केबिनच्या लँडलाईनवर स्वतःच फोन लावला, बिल्डिंगमध्ये बॉम्ब ठेवलाय म्हणून. आमच्या वॉचमन काकांनी "राँग नंबर, ठेवा" म्हणत दाणकन फोन आपटला 😄 साहेबांनी तिथूनच सुरुवात केली. आपण फोन ठेवायचा नाही, फोन करणाऱ्याला बोलतं ठेवायचं, कुठे ठेवलाय, कधी फुटणार, दिसतो कसा, कशाला ठेवला असं सरळ विचारायचं आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, मागे हॉर्न, भोंगा, काय ऐकू येतंय ते पण. या प्रश्नांचा फॉर्म आता फोनशेजारी लटकवलाय, सुतळीने पेन बांधून. मग ११२, मग मॅनेजर. बेवारस बॅग दिसली तर हात लावायचा नाही, जवळ वॉकीटॉकी-मोबाईल चालवायचा नाही, बॉम्बशोधक पथक येईपर्यंत लोकांना लांब ठेवायचं. शोधताना आधी जिने आणि बाहेर पडायचा रस्ता, नाहीतर लोकांना बॅगेवरूनच बाहेर काढाल. झाडूवाल्या मावशींना विचारा म्हणाले, कुठली वस्तू रोजची नाही ते त्यांना बरोबर कळतं. हे तर कमिटीत कोणाच्याच डोक्यात नव्हतं.

आता खटकलेलं. एजन्सीने दिलेला लेखी प्लॅन आगीच्या ड्रिलचा कॉपी-पेस्ट, सगळ्यांनी पार्किंगमध्ये जमायचं. अहो, गाड्यांच्या मधोमध? गाडीतच काही असलं तर? वर सगळी काचेची भिंत, फुटली तर लोकांच्या अंगावरच. ट्रेनरनेच तोंड वाकडं केलं, तरी प्लॅन तोच आहे, सुपरवायझर म्हणतो ऑफिसला कळवलंय. आणि नाईटवाले पोरं ट्रेनिंगला नव्हतीच, त्यांची बॅच वेगळी, पैसे पण वेगळे! खासगी सिक्युरिटी एजन्सींसाठीच्या २००५ च्या कायद्याने गार्डला ट्रेनिंग द्यायची जबाबदारी एजन्सीचीच आहे, मग हे एक्स्ट्रा बिल कशाचं?

तीन स्टार, ते पण ट्रेनरसाठी. घेणार असाल तर नाईट शिफ्ट धरून रेट ठरवा आणि प्लॅनवर सही करायच्या आधी लोक नेमके कुठे उभे करणार ते जागेवर जाऊन बघा.