किलोमीटर खरे होते

जुना ट्रक घेताना जो तो आधी मीटरकडे बघतो. आकडे एका रेषेत आहेत का, मीटर मागे फिरवलाय का, केबल काढून ठेवून गाडी पळवली का. मला विकलेल्या ट्रकच्या मीटरला कुणी हातही लावलेला नव्हता. तो कमी किलोमीटर दाखवत होता आणि ते अगदी खरे होते. फसवणूक त्या खऱ्या आकड्याच्या जोरावरच झाली, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी मध्यम आकाराची, दोन अ‍ॅक्सलची, मेकॅनिकल डिझेल पंपाच्या जमान्यातली, पण वयाच्या मानाने फारच तरतरीत. विकणारा स्वतःला मालक म्हणवत होता. तो दलाल आहे हे नंतर कळलं. त्याचं एक वाक्य मला पाठ झालंय: "दादा, गाडी चाललीच कुठे? उभीच असायची हो." आधी काय काम करायची, हे मी मेसेज करून विचारलं होतं. उत्तर आलं, "फर्निचरची ने-आण, तीही कधीमधी."

बघायला जाताना जाणता फिटर बरोबर होता. चासी नंबर कागदांशी जुळला. सीटचा फोम शाबूत, स्टिअरिंगची नक्षी न झिजलेली, दरवाजाच्या बिजागऱ्यांत खेळ नाही, अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलचं रबर जवळपास कोरं. मीटर फिरवलेल्या गाडीत या सगळ्या गोष्टी आकड्याशी भांडत असतात, इथे त्या आकड्याच्या बाजूनेच साक्ष देत होत्या. फक्त क्लचच्या पेडलचं रबर नवंकोरं होतं. फिटरने विचारलं, तर "फाटलं होतं, बदललं" एवढंच उत्तर मिळालं. खाली चासीला ताजा काळा रंग मारलेला होता. जुनी गाडी विकायला काढताना तो सगळेच मारतात.

व्यवहार झाला, गाडी कामाला लागली, आणि दुखणी एकेक करून वर आली. रिकामी असताना पळायची, भरली की चढावर धापा टाकायची. ऑइल प्यायची. खालच्या गिअरमध्ये गिअरबॉक्स रडायचा. आणि पाऊस पडला की मागून असा वास यायचा की ड्रायव्हरने उंदीर मेल्याचं जाहीर करून टाकलं. आम्ही लाकडी फाळक्याच्या फटी शोधल्या, केबिनची लादी उचलली. उंदीर काही सापडला नाही.

शेवटी गिअरबॉक्स उतरवला. फिटरने काउंटर शाफ्टचा, म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या मधल्या दांड्याचा, एक गिअर हातात फिरवून बघितला आणि म्हणाला, "हे बघा, या दातांना या बाजूने एवढा भार यायचं कारणच नाही." ज्या अंगाने दात जेमतेम घासायला हवेत, त्या अंगानेही ते खाल्लेले होते. आणि हा गिअर नेमका गिअरबॉक्सच्या कुशीत जी बोल्टची बंद प्लेट असते, तिच्यासमोर होता. प्लेट चकचकीत, गॅस्केट नवं.

ट्रॅक्टरवाल्यांना पीटीओ (पॉवर टेक-ऑफ) म्हणजे काय ते सांगायला नको. ट्रकमध्येही असतो. गिअरबॉक्सच्या बाजूच्या त्या खिडकीतून एक जोडगिअर आत घालतात आणि इंजिनाची ताकद बाहेर काढून पंप, क्रेन किंवा विंच चालवतात. चाकं जागेवर, इंजिन कामावर. आमच्या ट्रकला पीटीओ होता आणि तो काढून खिडकी बुजवलेली होती.

मग चासीवरचा काळा रंग खरवडला. केबिनच्या मागे उभ्या पत्र्यात रिकामी भोकं निघाली, पुट्टीने भरून वर रंग दिलेली. चासीच्या कडांवर मोठ्या यू-बोल्टांनी वर्षानुवर्षं दाबून पाडलेले व्रण होते, आणि ते आत्ताच्या फाळक्याच्या एकाही बोल्टाशी जुळत नव्हते. मागचा आडवा मेंबर, म्हणजे चासीच्या दोन लांब बाजू जोडणारा तुकडा, तर पापुद्र्यापापुद्र्याने सुटत होता. दोन पत्र्यांच्या मध्ये गंज धरला की तो मूळ पोलादापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि रिव्हेट असूनही पत्रे फाकवतो. तसे ते फाकले होते. त्या मेंबरच्या पोकळीत वाळलेला गाळ होता. उंदराचा उलगडा तिथे झाला. ही मैला उपसणारी सक्शन गाडी होती. टाकी आणि पंप उतरवून, फाळका चढवून ती मालवाहू म्हणून उभी केली होती.

मैल्याच्या गाडीचा गंज नेहमीच्या गंजासारखा नसतो. सांडपाण्यातून हायड्रोजन सल्फाइड वायू निघतो, आणि ओल असलेल्या पृष्ठभागावर जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात. सांडपाण्याच्या काँक्रीटच्या वाहिन्या याच आम्लाने पोखरल्या जातात. मग गळक्या व्हॉल्व्हखालच्या पत्र्याचं काय होत असेल ते सांगायला नको. रंगाखाली हे वर्षभरही झाकून राहू शकतं.

आता त्या कमी किलोमीटरकडे या. समजा अशी गाडी दिवसाला ६ तास चालू राहते आणि त्यातले ५ तास जागेवर उभी राहून पंप ओढते. वर्षाचे ३०० दिवस धरले तर उभ्या उभ्या १,५०० तास झाले. १० वर्षांत १५,००० तास. ताशी ४० किलोमीटरच्या हिशोबाने रस्त्यावर धावली असती तर मीटर ६,००,००० किलोमीटरने पुढे गेला असता. इंजिनाने तास भोगले, मीटरला त्यातलं काही कळलं नाही, कारण मीटर चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टवर मोजतो. शिवाय डिझेल इंजिन तासन् तास हलक्या भारावर चालवणं हे त्याला जपणं नव्हे. सिलिंडर पुरेसा तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही, लायनरला, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळीला, काचेसारखी झिलई येते, पिस्टनच्या रिंगा धरत नाहीत आणि ऑइल वर चढायला लागतं. आमच्या लायनरवरची मूळ तिरपी रेघारेघांची जाळी नावालाही उरली नव्हती.

आणि ती कोरी केबिन? सक्शन गाडीचा माणूस पाइप धरून मागे उभा असतो. इंजिनचा वेग मागच्या हात-थ्रॉटलने वाढवतो. सीट रिकामी, स्टिअरिंग रिकामं, अ‍ॅक्सिलरेटरवर पाय नाही. पीटीओ घालताना-काढताना क्लच मात्र दाबावाच लागतो. म्हणून झिजलं ते तेवढं एकच रबर, आणि बदललं तेही तेवढंच. विकणाऱ्याला गाडी पुरती ठाऊक होती, याला याहून मोठा पुरावा कुठला?

तेव्हा काम करणारी जुनी गाडी घेत असाल, तर ती किती चालली याच्या आधी उभी राहून काय करायची ते शोधा. काँक्रीट पंप, शिडीची गाडी, क्रेन, कचरा दाबणारी गाडी, टँकरमधली पावडर हवेने ढकलणारी गाडी, या सगळ्या उभ्यानेच म्हाताऱ्या होतात. टिपरला पीटीओ असला तरी तो ट्रॉली उचलण्यापुरताच चालतो, त्याचं एवढं मनावर घेऊ नका. गिअरबॉक्सच्या बाजूची बंद प्लेट दिसली म्हणून लगेच घाबरायचंही कारण नाही. कित्येक गिअरबॉक्सना ती कारखान्यातूनच येते, सहसा ६ किंवा ८ बोल्टची. मात्र गिअरबॉक्सवर जुनी घाण आणि प्लेटचे बोल्ट लखलखीत असतील, तर काहीतरी नक्की निघालंय. डॅशबोर्डवर बुजवलेलं जादा भोक, केबिनमधून मागे गेलेली आणि मध्येच कापलेली वायर किंवा केबल, चासीवर कशाशीच न जुळणारे व्रण, हे टॉर्च घेऊन गाडीखाली आडवं झाल्याशिवाय दिसत नाही. रंग ताजा असेल तर खरवडू द्याल का, असं सरळ विचारा. आमचा माणूस "रंग खराब होईल" म्हणाला होता.

नव्या, इलेक्ट्रॉनिक इंजिनांचं बरं आहे. त्यातल्या बऱ्याच इंजिनांचा कंट्रोल युनिट एकूण तास, नुसतं उभं राहून चाललेले तास, कधी पीटीओचे तासही नोंदवून ठेवतो, आणि स्कॅनर लावला की ते वाचता येतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत असली वही नसते. तिथे चासी नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारणं आणि नोंदणीची जुनी कागदपत्रं मागणं एवढंच हातात राहतं. बॉडी बदलल्याची नोंद असेल तर ती तिथेच असते. आम्हाला फक्त शेवटच्या कागदाची प्रत दाखवली गेली होती.

बाकीच्या युक्त्या नेहमीच्याच, पण आमच्यावर त्याही झाल्या. आम्ही पोहोचलो तेव्हा इंजिन गरम होतं. गरम डिझेल इंजिन कॉम्प्रेशन कमी झालेलं असलं तरी एका सेल्फमध्ये उठतं. थंड असताना ते कुरकुरतं आणि पांढरा धूर सोडतं, तो दिसू नये म्हणून हा पाहुणचार. पंपाचा डिझेलचा स्क्रू कमी करून ठेवलेला होता, त्यामुळे रेस दिली तरी काळा धूर नाही. ताकद कमी झालेली रिकाम्या गाडीत जाणवत नाही. म्हणून चाचणी भरलेल्या गाडीची घ्या, निदान चढावर तरी. टायर रिट्रेड, म्हणजे जुन्यावर नवा रबर चढवलेले होते. त्यात वावगं काही नाही, पण बाजूवरचा चार आकडी तारखेचा शिक्का घासून काढला होता. तो शिक्का, उदाहरणार्थ २३१६, असा वाचायचा: २०१६ सालचा २३वा आठवडा. वरचा रबर कालचा असला तरी आतलं टायर किती जुनं आहे ते तिथेच कळतं.

विकणाऱ्याला गाठलं तेव्हा तो जराही गडबडला नाही. म्हणाला, "मी खोटं काय बोललो? उभी असायची म्हणालो, उभीच असायची." या वाक्याला माझ्याकडे खरोखर उत्तर नव्हतं. उत्तर होतं ते फर्निचरच्या मेसेजला. तो समोर धरल्यावर त्याचा आवाज खाली आला. तोंडी बोललेलं त्याने आणखी दहा अर्थांनी फिरवलं असतं, लिहिलेलं त्याला फिरवता येईना. म्हणून हा एक प्रश्न लेखीच विचारा, आणि गोल उत्तराला जागा राहणार नाही असा: या गाडीवर याआधी टाकी, पंप, क्रेन किंवा दुसरी कुठलीही बॉडी बसवली होती का, हो की नाही?

पैसे परत द्यायला तो तयार झाला नाही. गिअरबॉक्सच्या कामाचा अर्धा खर्च उचलला, तोही वकिलाची नोटीस गेल्यावर. मधल्या काळात त्याने गाडी बदलून देण्याचाही प्रस्ताव ठेवला होता, "याच्याहून कमी चाललेली आहे" म्हणून. फिटर टॉर्च घेऊन तिच्याखाली शिरला आणि आतूनच ओरडला, "हिच्यावर क्रेन होती!"