टेली-मानस १४४१६ : बोबडं बोलणाऱ्यानंही लावावा असा फोन

मनाच्या त्रासात बोलायला सरकारी फोन आहे हा. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो आणि पलीकडचं माणूस घाई करत नाही. माझ्याकडनं पाचपैकी चार. एक का कापला ते पुढं सांगतो.

मी निपाणीचा. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होतो, चिमूट गालात कायमची. त्याच गालाचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, मग मानेवर रेडिएशनचे तीस-बत्तीस शेक. शेवटचा शेक झाला तेव्हा घरच्यांनी गल्लीत पेढे वाटले. मला पेढा गिळतच नव्हता. लाळ सुटत नाही, तोंड दोन बोटांपलीकडं उघडत नाही, भाकरी आमटीत कालवून घशाखाली ढकलायची. सकाळी बरं असतंय. दुपारी कुणी "वाचलास की, आता कशाचं टेन्शन!" म्हणालं की डोक्यात सणक जाते, आणि संध्याकाळी उगीचच रडू येतंय. तपासणीची तारीख जवळ आली की झोपेचं नावच नको. सून म्हणाली, "मामा, तुम्ही आधी असे नव्हता." नंबर तिनंच दिला.

ही केंद्र सरकारची सेवा, ऑक्टोबर २०२२ पासूनची. फोन लावल्यावर भाषा निवडायची. मी कन्नड निवडली, इथं राहून तेवढी येतेच. पण रडू फुटल्यावर तोंडातून मराठीच आली, आणि फोनवरच्या बाईंनी ती येऊ दिली.

ऑपरेशननंतर माझी जीभ नीट वळत नाही. दुकानदार "काय? काय?" करतात, घरचे माझं वाक्य स्वतःच पुरं करतात. या बाईंनी दोन्ही केलं नाही. सावकाश सांगा म्हणाल्या आणि खरंच थांबल्या. उपचार चालू असताना रोजचं काहीतरी ठरलेलं असतं, दबलेली भीती ते संपल्यावर वर येते, तपासणीआधी तर बहुतेकांची अशीच गत होते, असं त्यांनी समजावलं. मग डॉक्टरांशी जोडून दिलं. त्यांनी पहिलंच विचारलं, "मानेवर शेक घेतलाय, तर थायरॉईड तपासलंय का?" शेकानं ती ग्रंथी हळूहळू मंदावू शकते, कधी काही वर्षांनीही, आणि त्यानं अंगात मरगळ, मनात उदासी येते. रक्त तपासलं, तसंच निघालं. गोळी चालू झाल्यावर मरगळ बरीच उतरली. राग मात्र आहे तिथंच आहे, खोटं कशाला लिहू!

एक गुण कापला तो फोन आहे म्हणून. ज्यांचा जबडा किंवा जीभ काढलीय त्यांनी शेजारी घरचं माणूस बसवूनच लावावा. पण जीव नकोसा झाला असेल तर माणसाची वाट बघू नका, जमेल तसं बोला. १४४१६ लागला नाही तर १८०० ८९१ ४४१६.

आणि गालात अजून चिमूट असेल तर तंबाखू सोडवायचा सरकारी नंबर वेगळा आहे, १८०० ११ २३५६. वखारीत सांगितला. एकानं लिहून घेतला, बाकीचे हसले.