१२एयू७ म्हणून विकलेले १२एएक्स७: हायब्रिड हेडफोन ॲम्पच्या भागांतली फसवणूक

बारा व्होल्टवर चालणारा हायब्रिड, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ट्रान्झिस्टर दोन्ही वापरणारा, हेडफोन ॲम्प घरी बनवायला सोपा. पुढे एक १२एयू७ व्हॉल्व्ह (काचेची निर्वात नळी), मागे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकेक आयआरएफ५१० मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) आणि त्याचा करंट स्थिर ठेवणारी एलएम३१७ चिप. भाग मोजके, व्होल्टेज कमी. म्हणून नवखे इथूनच सुरुवात करतात आणि बनावट माल नेमका त्यांच्याच गळ्यात मारला जातो.

आमच्याकडे आलेल्या पार्सलमध्ये ‘जुने, न वापरलेले १२एयू७’ म्हणून चार व्हॉल्व्ह होते. छापा ठसठशीत. सॉकेटमध्ये बसवले, हीटर लाल झाले, आवाजही आला. पण बारीक आणि फाटका. अशा वेळी माणूस आपल्याच सोल्डरिंगवर संशय घेतो, सांधे पुन्हा पुन्हा तापवतो, आणि तोवर माल परत करायची मुदत संपते. ही फसवणूक पचते ती यामुळेच.

ते १२एएक्स७ होते. दोघांच्या पिना सारख्या: ॲनोड १ आणि ६, ग्रिड २ आणि ७, कॅथोड ३ आणि ८. हीटरही तोच, १२.६ व्होल्टला १५० मिलिअँपिअर. त्यामुळे दिवा पेटतो, काही जळत नाही. फरक आत आहे. ॲनोडवर १०० व्होल्ट असताना १२एयू७ शून्य बायसला (कॅथोडच्या तुलनेत ग्रिडवर शून्य व्होल्ट असताना) ११.८ मिलिअँपिअर देतो, १२एएक्स७ उणे १ व्होल्टला जेमतेम ०.५. मग १२ व्होल्टवर त्याच्यातून काय निघणार? विक्रेत्याचं उत्तर होतं, ‘याचा गेन (सिग्नल वाढवायची पट) १०० आहे, त्याचा २०सुद्धा नाही, तुम्हाला भारीच माल मिळाला.’ या ॲम्पमध्ये गेन नव्हे, करंट कमी पडतो.

ओळखायचं कसं? काचेवर तोंडाची वाफ सोडा आणि दिव्याखाली तिरकं धरा. आमच्या चारपैकी दोघांवर नव्या छाप्याखाली पुसलेला जुना आकडा धुक्यात उमटला आणि वाफ विरताच गेला. फोटो त्याच क्षणी काढावा लागतो. नुसतं बोटाने अक्षरं पुसली जातात म्हणून माल खोटा ठरवू नका; अस्सल जुन्या व्हॉल्व्हचा छापाही तसाच निघतो. फिलिप्स गटाचा म्हणून विकला असेल, तर काचेच्या खालच्या भागात कोरलेली बारीक संकेताक्षरं शोधा. वरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह मेलेला.

पक्की चाचणी अशी: हीटर तापवा, ग्रिड कॅथोडला जोडा, १२ व्होल्टपासून ॲनोडपर्यंत १० किलोओहमचा रेझिस्टर लावा आणि त्याच्यावरचा व्होल्टेज मोजा. खात्रीचा १२एयू७ लावून हेच वाचन घ्या. संशयित व्हॉल्व्हचं वाचन ठळकपणे कमी आलं, की समजा.

आयआरएफ५१०चंही तेच. त्याच्या गेट आणि सोर्स या पायांना ९ व्होल्टची बॅटरी लावून ड्रेन या तिसऱ्या पायातून क्षणभर १ अँपिअर सोडा. अस्सल मॉसफेटवर साधारण अर्धा व्होल्ट पडतो. ०.०५ ते ०.०८ मिळाला तर आत दुसरीच, मोठी चिप आहे. तिची गेटची कपॅसिटन्स कितीतरी जास्त, आणि एवढासा व्हॉल्व्ह ती हलवताना दमतो, वरचे सूर मंदावतात.

आउटपुटचे इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मीटरवर मोजूनच लावा. मोठ्या डबीत छोटा कपॅसिटर घालून विकतात. ३२ ओहमच्या हेडफोनला ४७० मायक्रोफॅरड दिले तर खालची मर्यादा ११ हर्ट्झच्या आसपास येते. आत १०० निघाले तर थेट ५० हर्ट्झ, म्हणजे तबल्याच्या बायाँचा खर्ज पातळ होतो. आल्प्स कंपनीच्या निळ्या व्हॉल्यूम पॉटच्या (आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाच्या) नकला तर सर्रास आहेत. नॉब हळूहळू फिरवत दोन्ही बाजूंचा रेझिस्टन्स ताडून पाहा.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर घ्या किंवा ऑनलाइन, बिलावर नेमका क्रमांक लिहून घ्या. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा आणि भाग बोर्डवर लावण्याआधीच तपासा, कारण सोल्डर लागलेला माल कोणी परत घेत नाही. तक्रारीत ‘आवाज नीट येत नाही’ एवढंच लिहिलं, तर जोडणीची चूक म्हणून ती फेटाळतात. छापा काय, वाफेत काय दिसलं, दोन्ही वाचनं किती, हे फोटोंसह लिहा. विक्रेता बधला नाही तर हीच कागदपत्रं हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन लावा.